न हलणारे नऊ

जावईबापूंना हलणारी कुठलीच गोष्ट सहन होत नसे. टेबल डुगडुगलं की सुताराला बोलावणं जाई. पंखा डोलू लागला की ते खुर्ची सरकवून भिंतीला टेकत. एखादा कारागीर बोलताना हातवारे करू लागला तर आधी त्याला हात खाली घ्यायला लावत आणि मग त्याचं ऐकत, म्हणजे ऐकल्यासारखं करत. ते सासऱ्यांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागाचे प्रमुख होते. प्रमुखाला एरवीही कुणी चार शब्द सुनवत नाही, त्यातून प्रमुख मालकाचा जावई असला तर विचारायलाच नको. त्यांच्या तोंडावर सगळे 'साहेब' म्हणत आणि पाठ फिरली की जावईबापू.

कारखान्यात डोळे बनत. खरे नव्हेत हो! शर्टाच्या बटणाएवढी धातूची टोपी, तिच्यात काचेची खिडकी, आणि खिडकीवर प्रकाश पडला की मागच्या तारांतून व्होल्टेज बाहेर येणार. बिलावर त्यांना फोटोडिटेक्टर म्हणत, पण बोलण्यात सगळे डोळेच म्हणत. कागद कापायच्या मोठ्या मशिनच्या तोंडाशी एका अंगाला छोटे दिवे असतात आणि समोर हे डोळे. दिवा सेकंदाला हजार वेळा लुकलुकतो. तो लागला की डोळ्यातून व्होल्टेज वर, विझला की खाली. मध्ये कुणाचा हात आला तर व्होल्टेज वर येतच नाही, आणि पातं सुटत नाही. डोळ्याचं काम एवढंच. ते झालं नाही तर कामगाराची बोटं जातात, म्हणून हे 'एवढंच' जरा जपून म्हणायचं.

त्या महिन्यात कारखान्यात सगळ्यांचे कान टवकारलेले होते. म्हाताऱ्या मालकांनी, म्हणजे जावईबापूंच्या सासऱ्यांनी, भर दुपारी सगळ्यांना खाली बोलावून सांगितलं होतं, "पुढच्या महिन्यापासून मी घरी. बाइंडिंगवाल्यांची ऑर्डर शुक्रवारी द्यायची आहे. ती जो नीट बसवून देईल, त्याने माझ्या खुर्चीत बसायचं."

'जो' म्हणताना म्हाताऱ्यांनी आधी जावयाकडे पाहिलं आणि मग धाकटीकडे. धाकटी म्हणजे त्यांची दुसरी मुलगी, जावईबापूंची मेव्हणी. वीज आणि तारा यांचं शिक्षण घेऊन, परक्या कारखान्यात चार वर्षं घासून ती सहा महिन्यांपूर्वी घरच्या कारखान्यात आली होती आणि तपासणीच्या टेबलावर बसत होती. जावईबापू बारा वर्षं त्या खुर्चीकडे डोळे लावून बसलेले. बारा वर्षं त्यांनी म्हाताऱ्यांच्या प्रत्येक विनोदावर हसून दाखवलं होतं, आणि म्हाताऱ्यांना मुळात दोनच विनोद येत होते. आणि आता ही कालची पोरगी? त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

ऑर्डर आठ डोळ्यांची, एक जादा धरून नऊ. तयार होते चाळीस. तपासून त्यातले चांगले निवडायचे होते.

तपासणीचं टेबल खिडकीजवळ. त्याच्यावर बुटाच्या खोक्याएवढा काळा डबा. डब्याच्या एका टोकाला लाल दिवा, दुसऱ्या टोकाला डोळा खोचायची जागा. डोळ्यातून निघालेल्या तारा दोन ठिकाणी जात: एक स्कोपला, ज्याच्या पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारी, आणि दुसरी साध्या मीटरला, ज्यात नुसता आकडा दिसे. धाकटी डब्याचं झाकण लावून, स्कोपच्या पडद्यावर नाक टेकवून काम करी.

सोमवारी सकाळी जावईबापू टेबलापाशी आले. त्यांनी झाकण उघडलं, कारण आत काय चाललंय ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. मग स्कोपकडे बघून तोंड वाकडं केलं.

"ही रेघ एवढी नाचतेय कशाला?"

"दिवा लुकलुकतोय ना, भाऊजी. लागला की वर, विझला की खाली. चार व्होल्टपर्यंत चढतेय आणि शून्यावर येतेय. एकदम छान डोळा आहे हा."

जावईबापूंनी डब्यात वाकून पाहिलं. "मला तर दिवा सतत पेटलेला दिसतोय."

"सेकंदाला हजारदा लुकलुकतो. आपल्याला कसा दिसेल?"

"मला दिसत नाही," जावईबापू म्हणाले, "आणि या बटणाला दिसतं?"

"त्यासाठीच तर बनवलंय ते."

जावईबापूंनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने त्यांच्या चष्म्याचा नंबर चारचौघांत सांगितला. त्यांनी स्कोपवर रुमाल टाकला. "हे बंद. मला गरगरतं. मीटर काय म्हणतंय?"

मीटर दोन म्हणत होतं. तेही धड दोन नाही. एक पूर्णांक अठ्ठ्याण्णव, दोन पूर्णांक शून्य एक, पुन्हा एक पूर्णांक नव्व्याण्णव. शेवटचा आकडा सारखा चुळबुळत होता. आणि तपासणीच्या छापील फॉर्मवर लिहिलं होतं: किमान तीन व्होल्ट.

"नापास," जावईबापू म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सहा महिन्यांत पहिल्यांदा शांती पसरली.

धाकटीने कपाळाला हात लावला. "भाऊजी, मीटर सरासरी दाखवतं. अर्धा वेळ चार आणि अर्धा वेळ शून्य, मग सरासरी दोनच येणार. फॉर्मवरचे तीन व्होल्ट दिवा लागलेला असतानाचे आहेत. ते स्कोपवर बघायचे असतात."

"फॉर्मवर कुठे लिहिलंय स्कोप म्हणून?"

"अहो, तुम्ही अर्धा दिवस ऑफिसात असता आणि अर्धा दिवस नसता. म्हणून तुमच्या खुर्चीत अर्धाच माणूस बसतो असं म्हणायचं का?"

मागच्या टेबलावर वायरी सोलत बसलेल्या दोघीजणी खुदकन हसल्या. झालं! त्या हसण्यानंतर धाकटीने साक्षात सूर्य आणून टेबलावर ठेवला असता तरी जावईबापूंनी त्याला नापास केलं असतं. ते खुर्ची ओढून स्वतः बसले. एकेक डोळा खोचायचा, मीटर बघायचं, तीनच्या खाली किंवा हलणारा आकडा दिसला की लाल चिठ्ठी. एक लाल, दोन लाल, पाच लाल. धाकटी बाजूला हाताची घडी घालून उभी. सहाव्या डोळ्याला मीटर चार पूर्णांक दहा म्हणालं. आणि थांबलं! चार पूर्णांक दहा म्हणजे दहा. जावईबापूंनी टेबलाला हलकेच धक्का दिला, तरी दहा. त्यांनी मीटरवर टिचकी मारली, तरी दहा.

"बघ!" ते म्हणाले. "याला म्हणतात माल. पापणी लवत नाही त्याची."

"तेच तर सांगतेय, पापणी लवायला पाहिजे," धाकटी म्हणाली. तिने स्कोपवरचा रुमाल उचलला. हिरवी रेघ पडद्याच्या वरच्या अंगाला सरळ झोपली होती, उडी नाही की काही नाही. "दिवा लागला काय, विझला काय, याला पत्ताच नाही. हा डोळा वरच अडकलाय."

"स्थिर आहे," जावईबापूंनी दुरुस्ती केली.

दुपारपर्यंत असे स्थिर डोळे निघाले नऊ. नेमके नऊ! ऑर्डरीला पाहिजेत तेवढे. जावईबापूंना यात नशिबाचा हात दिसला. उरलेले एकतीस त्यांनी लाल चिठ्ठीच्या डब्यात टाकले आणि नऊ जणांना मऊ फोमच्या खणांत एकेक करून निजवलं.

मंगळवारी धाकटीने अडकलेल्यांपैकी एक उघडून बघितला आणि भिंग घेऊनच जावईबापूंच्या टेबलाशी आली. "यात उजेडाला किती व्होल्टेज द्यायचं ते ठरवणारा रेझिस्टर चुकीचा बसलाय. पाहिजे त्याच्या दहापट. जुळणीच्या टेबलावर दोन रिळं शेजारी होती, त्यांची अदलाबदल झाली असणार. नऊच्या नऊ तसेच असतील. यांना इतका कमी उजेड पुरतो, की उघड्या झाकणातून नुसता छतावरचा ट्यूबलाइट दिसला तरी हे पूर्ण व्होल्टेज देऊन बसतात. मध्ये हात आला तरी कळायचं नाही त्यांना."

"दहापट?" जावईबापू म्हणाले. "म्हणजे जास्तच दिलंय की आपण. गिऱ्हाईक तक्रार करणार आहे का?"

"भाऊजी, बोटं जातील कुणाची तरी."

"आधी ते भिंग खाली ठेव. आणि ऐक. बारा वर्षं मी या कारखान्यात सही करतोय. बारा वर्षांत एक तरी माल परत आला?"

आला नव्हता, हे खरं. बारा वर्षं तपासणीच्या टेबलावर एक वयस्क कारागीर होते. ते गुपचूप स्कोप बघत, चांगला माल निवडत, आणि मग साहेबांना आवडेल तो आकडा फॉर्मवर भरून सहीला पुढे ठेवत. ते गेल्याच महिन्यात निवृत्त झाले. धाकटीला ही युक्ती कुणी सांगितलीच नव्हती, आणि सांगितली असती तरी ती तिला जमली नसती. तिला खरं ते तोंडावर बोलायची खोड होती.

ती गेली. चहाची वेळ झाली, सगळे खाली उतरले. वरच्या खोलीत जावईबापू एकटे उरले.

आता इथे जरा नीट ऐका, कारण पुढे जे झालं ते या पाच मिनिटांमुळे झालं. जावईबापू उठले आणि तपासणीच्या टेबलापाशी गेले. त्यांनी फोममधला एक डोळा काढून डब्यात खोचला. चार पूर्णांक दहा. त्यांनी दारातून जिन्याकडे पाहिलं. मग आपला उजवा पंजा दिव्याच्या आणि डोळ्याच्या मध्ये धरला.

चार पूर्णांक दहा.

पंजा काढला. चार पूर्णांक दहा. पुन्हा घातला, बोटं पसरली, मिटली. आकडा ढिम्म हलला नाही. मग त्यांनी लाल चिठ्ठीच्या डब्यातला एक डोळा उचलून खोचला. दोन. मध्ये हात घातला आणि आकडा धाडकन शून्याजवळ आला. हात काढला, दोन. घातला, जवळजवळ शून्य. शेंबड्या पोराला कळावं इतकं स्पष्ट.

जावईबापूंना कळलं. कळलं नाही असं ते पुढे बऱ्याच जणांना सांगणार होते, पण कळलं. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा त्यांनी दोन्ही डोळे आपापल्या जागी परत ठेवले, आपल्या खुर्चीत येऊन बसले आणि नऊच्या नऊ फॉर्मवर झोकदार सह्या ठोकल्या. आता मागे हटायचं म्हणजे धाकटी बरोबर होती असं म्हणायचं. म्हणजे खुर्ची तिची. बारा वर्षं हसलेले ते दोन विनोद गेले पाण्यात. छे!

बुधवारी सकाळी चहा पिताना बायकोने विचारलं, "रात्रभर कूस बदलत होता. काय झालं?" थोरली, म्हणजे त्यांची बायको, बोलायला कमी आणि बघायला तेज होती.

"तुझी बहीण," ते म्हणाले. "नुसत्या शंका. हे चुकीचं, ते अडकलंय."

"मग आहे का अडकलेलं?"

"बाइंडिंगवाल्यांच्या मशिनला स्वतःचे ब्रेक असतील की! आपला डोळा म्हणजे एक जादाची सोय."

"मी ते विचारलं नाही," थोरली म्हणाली. जावईबापूंनी घड्याळ बघितलं, उशीर झालाय म्हणाले आणि कप अर्धा टाकून उठले.

शुक्रवारी सकाळी कारखान्याच्या गाडीतून तिघं निघाले. पुढे म्हातारे. मागे जावईबापू, मांडीवर नऊ डोळ्यांची पेटी, वर सह्यांचे कागद. त्यांच्या शेजारी धाकटी, तिच्या मांडीवर लाल चिठ्ठ्यांचा डबा.

"ते भंगार कशाला घेतलंस?" जावईबापू म्हणाले.

"गाडीत जागा आहे म्हणून," धाकटी म्हणाली. म्हाताऱ्यांनी काच खाली केली.

बाइंडिंगचा कारखाना म्हणजे कागदच कागद. छतापर्यंत थप्प्या, खळीचा वास, दोऱ्याची रिळं, आणि हॉलच्या मधोमध कटाई मशिन. लोखंडी टेबलावर कागदाचा गठ्ठा सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, की वरून पातं खाली येऊन हजार पानं एका दमात कापणार. मशिनवर कटरमास्तर होते, पांढऱ्या मिशांचे, हसतमुख. त्यांनी म्हाताऱ्यांना नमस्कार केला तेव्हा जावईबापूंचं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. अंगठा आणि दोन बोटं. बाकी काही नव्हतं. जावईबापूंनी झटकन नजर काढून छताकडे लावली.

"जुने डोळे आंधळे झालेत," मास्तर म्हणाले. "मशिनही जुनंच आहे आमचं. त्याला फार अक्कल नाही. दिवा लागला की व्होल्टेज वर आहे का, तेवढंच बघतं. वर असलं की हिरवा दिवा, म्हणजे कापा. नसलं की लाल, मग पेडलवर नाचलात तरी पातं हलत नाही. तेव्हा सगळी भिस्त तुमच्या डोळ्यांवर."

"ब्रेक नाहीत?" जावईबापूंनी विचारलं.

"हाच ब्रेक."

मास्तरांच्या माणसांनी आठ डोळे बसवले. मशिन सुरू झालं, घुमू लागलं. हिरवा दिवा लागला, आणि तो असा लागला, की जावईबापूंच्या छातीतही जरा उजेड पडला. म्हातारे मान डोलावत होते. गिऱ्हाईक खूश होतं. झालं की काम! जावईबापूंनी सह्यांचे कागद पुढे केले.

मास्तरांनी ते चष्मा लावून वाचले, नऊच्या नऊ. "सही कुणाची आहे ही?"

"माझी," जावईबापू म्हणाले, आणि म्हाताऱ्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणाले, "सगळ्या माझ्याच."

"वा. मग या असे पुढे." मास्तरांनी गठ्ठा ठेवायच्या टेबलावरून फडका फिरवला. "आमच्याकडे एक रीत आहे. माझी बोटं गेली तेव्हापासूनची. ज्याची सही, त्याचा हात पहिला. हात आत घालायचा, मी पेडल दाबतो. पातं आलं नाही की माल पास."

क्षणभर जावईबापूंना वाटलं, हा विनोद आहे. बारा वर्षांच्या सवयीने ते हसलेसुद्धा. बाकी कुणी हसलं नाही.

"हात कशाला? पुठ्ठा घाला ना," ते म्हणाले. "जाड पुठ्ठा. तोही प्रकाश अडवतो."

"अडवतो. पण पुठ्ठ्याला सही करता येत नाही."

"माझे सांधे जरा... डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीय."

"वाकायचं नाही. नुसता हात लांब करायचा." मास्तरांचा आवाज दुधासारखा मऊ होता. "घड्याळ तेवढं काढून ठेवा. उगाच काचेला चरा पडेल."

जावईबापूंनी घड्याळ काढलं. दुसरं काय करणार? सासरे बघत होते, धाकटी बघत होती, खळ लावणाऱ्या बायका ब्रश खाली ठेवून बघत होत्या. त्यांनी बाही वर सारली. हात पुढे नेला. एक वीत, दोन वीत. हात आपला नसून कुणाचा तरी उसना आणलाय असं त्यांना वाटत होतं. बोटांची टोकं दिवे आणि डोळे यांच्यामधून पलीकडे गेली.

हिरवा दिवा हिरवाच राहिला.

मास्तरांनी दिव्याकडे पाहिलं, मग जावईबापूंच्या तोंडाकडे. त्यांनी पाय उचलून पेडलवर ठेवला, नुसताच ठेवला. "आणखी थोडा आत," ते म्हणाले.

जावईबापूंनी हात असा मागे ओढला, की कोपर मागच्या थप्पीवर आपटलं आणि कोरे कागद भुईभर झाले. त्यांचं कपाळ घामाने चमकत होतं.

"ते... ते दुसरे लावा," ते म्हणाले.

"कोणते दुसरे?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"तिच्या डब्यातले. लाल चिठ्ठीचे."

"ते तर तुम्ही नापास केलेत ना? का लावायचे?"

जावईबापूंनी धाकटीकडे पाहिलं. ती काही बोलेल, निदान टोमणा तरी मारेल, म्हणजे तिच्यावर ओरडता येईल, असं त्यांना वाटलं. पण तिने नुसता डबा उघडून धरला होता.

"कारण हे हलत नाहीत, बाबा," जावईबापू शेवटी म्हणाले. "यांना हात कळत नाही."

मग पुढचं काम धाकटीने केलं. मशिन बंद करून तिने नऊ महारथींतले आठ काढले, आपल्या डब्यातले आठ बसवले. मशिन सुरू झालं, हिरवा दिवा लागला. तिने फॉर्म काढून टेबलावर ठेवून भरला आणि खाली सही केली. मास्तर काही बोलायच्या आत तिने बाही वर केली आणि हात आत घातला, कोपरापर्यंत. तिचाही चेहरा पांढरा पडला होता. शूर माणसालाही उजवा हात एकच असतो. हिरवा दिवा विझून लाल लागला. मास्तरांनी पेडल दाबलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा सगळा भार टाकून. वर काहीही हललं नाही.

"पास," मास्तर म्हणाले. मग त्यांनी पुढे होऊन मशिनच्या वरच्या अंगाचं पत्र्याचं झाकण उचलून दाखवलं. आत नुसती रिकामी खाच होती. "पातं सकाळीच धार लावायला पाठवलंय. नवे डोळे यायचे त्या दिवशी मी ते मशिनवर ठेवतच नाही. कुणाच्या डोळ्यांवर एवढा विश्वास टाकायचा?"

धाकटी मटकन कागदाच्या गठ्ठ्यावर बसली आणि हसायला लागली, हसता हसता डोळे पुसू लागली. जावईबापूंना मात्र राग आला. खरंच राग आला!

"मग आधी सांगायचं ना!" ते म्हणाले. "पातं नाही हे माहीत असतं तर मीही घातला असता हात!"

खळ लावणाऱ्या बायकांपैकी एक फिस्सकन हसली. मास्तर आपल्या तीन बोटांनी भुईवरचे कागद गोळा करायला वाकले होते, ते तसेच गोळा करत राहिले.

म्हातारे जावयाच्या जवळ आले. "कधी कळलं तुम्हाला?"

"काय?"

"हात कळत नाही, ते."

"आत्ताच. म्हणजे... हिरवा दिवा विझला नाही तेव्हा..."

"हात घालायच्या आधीच पुठ्ठा मागत होतात तुम्ही. कधी कळलं?"

जावईबापूंनी खाली बघितलं. "मंगळवारी."

"आज शुक्रवार," म्हातारे म्हणाले. "मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन दिवस तुम्हाला माहीत होतं, आणि तरी हे मास्तरांच्या मशिनवर बसवलंत. तुमची नुसती चूक असती ना, तर मी खुर्ची दिली असती आणि हिला सांगितलं असतं, भाऊजींना शिकव. चूक कुणाचीही होते." एवढं बोलून त्यांना दम लागला. ते वळले आणि त्यांनी कटरमास्तरांची हात जोडून माफी मागितली. जावईबापूंनी सासऱ्यांना बारा वर्षांत कुणापुढे वाकलेलं पाहिलं नव्हतं.

खुर्ची धाकटीला मिळाली, हे वेगळं सांगायला नको. जावईबापूंना काढून टाकतील अशी दबकी चर्चा दोन दिवस चालली, पण धाकटीने तसं केलं नाही. तिने फॉर्मवरून त्यांच्या सहीची जागा काढून टाकली आणि त्यांना तपासणीच्या टेबलावरच एक नवं काम दिलं. प्रत्येक डोळा डब्यात खोचल्यावर त्यांनी आपला पंजा दिव्यासमोर धरायचा आणि काढायचा. दहा वेळा. दहाही वेळा रेघ पडली आणि उठली तरच डोळा पुढे जायचा. दिवसाला दोनशे डोळे, म्हणजे दोन हजार वेळा हात आत, हात बाहेर. वायरी सोलणाऱ्या दोघीजणी समोरच बसतात आणि मोजत असतात, हेही सांगून टाकू.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी जावईबापू घरी आले ते खांदा चोळतच. खुर्चीत बसले, कण्हले, पुन्हा कण्हले, कारण पहिल्यांदा थोरलीने वर पाहिलं नव्हतं.

"हात दुखतोय गं," ते म्हणाले. "बोटांपासून खांद्यापर्यंत. नुसता ठणकतोय."

थोरलीने हातातलं काम ठेवलं. जवळ येऊन त्यांचा उजवा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. जावईबापूंना बरं वाटलं. निदान बायकोला तरी कीव आली.

"पाची बोटं दुखतायत?" तिने विचारलं.

"पाची."

"मग दुखू देत," थोरली म्हणाली, आणि हात सोडून परत आपल्या कामाला लागली.